अ‍ॅलर्जी, दाह आणि गाठ: प्रतिकारयंत्रणा कर्करोगाला मारते की पोसते?

सूक्ष्मदर्शी

सर्व सभासदांना नमस्कार.

मी गेली २२ वर्षे पश्चिम महाराष्ट्रातील एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करते. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींचे आणि बायोप्सीचे तुकडे आमच्याकडे येतात. त्यांचे काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे माझे रोजचे काम. अहवाल न्यायला येणारे नातेवाईक खिडकीपाशी थांबून प्रश्न विचारतात, आणि त्यांतले दोन प्रश्न इतक्या वेळा कानांवर पडले आहेत की त्यांवर एकदा नीट लिहावे असे फार दिवस मनात होते. पहिला प्रश्न असा, की "यांना जन्मभर शिंका यायच्या, अंगावर पित्त उठायचे, त्यातूनच हे झाले का?" दुसरा नेमका उलटा असतो: "अ‍ॅलर्जीवाल्यांची प्रतिकारशक्ती जागी असते, त्यांना कॅन्सर होत नाही म्हणतात, मग यांना कसा झाला?" दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे, की प्रतिकारयंत्रणा एक तर आपल्या बाजूने असते किंवा आपल्यावर उलटलेली असते. मला काचपट्टीवर जे दिसते ते इतके सरळ नसते.

गालाच्या आतल्या कर्करोगाचा एक काप डोळ्यांसमोर आणा. रुग्ण तंबाखू-चुन्याची गोळी वर्षानुवर्षे त्याच गालात धरणारा. काप हेमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या दोन रंगांत रंगवलेला असतो. पहिल्याने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात आणि दुसऱ्याने उरलेले सारे गुलाबी. कर्कपेशींचे पुंजके खाली खोलवर शिरलेले, त्यांच्या मधोमध केराटिनचे एकावर एक चढलेले गोल थर, ज्यांना आम्ही मोती म्हणतो. आणि त्या पुंजक्यांना अगदी खेटून, शेंदरी दाण्यांनी गच्च भरलेल्या आणि दोन पाळ्यांचे केंद्रक असलेल्या पेशींची रांग. या इओसिनोफिल. दम्याच्या रुग्णाच्या बेडक्यात आणि जंत झालेल्या मुलाच्या रक्तात सापडतात त्याच या पेशी. या गालात परागकण नाहीत, जंत नाहीत, धुळीतले किडेही नाहीत. मग अ‍ॅलर्जीच्या पेशी गाठीभोवती कशाला जमल्या?

तोंडाच्या कर्करोगात या पेशी जास्त दिसणे हे चांगले लक्षण की वाईट, यावर कित्येक वर्षे अभ्यास चालू आहेत. काही अभ्यासांत असे रुग्ण जास्त जगले, काहींत कमी. हा केवळ मोजणीतला घोळ आहे असे मला वाटत नाही. त्या पेशी दोन्ही कामे करू शकतात, असे मानल्यावर बरेच काही उलगडते.

गाठीत पांढऱ्या पेशी असतात हे रुडॉल्फ विर्शो यांनी १८६३ मध्येच नोंदवले होते. जिथे दीर्घकाळ दाह होतो तिथे कर्करोग उपजतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच्या बरोबर उलट्या टोकाला न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली. सार्कोमाच्या, म्हणजे हाडे-स्नायूंसारख्या ऊतींच्या कर्करोगाच्या, एका रुग्णाला धावरे, म्हणजे स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे होणारा त्वचेचा ज्वरयुक्त दाह झाला आणि त्यानंतर त्याची गाठ विरघळली, अशी जुनी नोंद त्यांना सापडली. तेव्हा १८९१ पासून ते रुग्णांना मुद्दाम जंतू आणि पुढे मारलेल्या जंतूंचे मिश्रण टोचू लागले. काहींच्या गाठी खरोखर वितळल्या. म्हणजे एका थोर माणसाने दाहाला कर्करोगाचे मूळ मानले आणि दुसऱ्याने त्याच दाहाला औषध मानले, आणि दोघांपुढे खरे रुग्ण होते. पॉल एर्लिख यांनी १९०९ मध्ये असे सुचवले की शरीरात कर्कपेशी वारंवार निर्माण होत असाव्यात आणि प्रतिकारयंत्रणाच त्यांना दाबून ठेवत असावी. पुढे फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट आणि लुईस थॉमस यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस याच विचाराला 'प्रतिकारयंत्रणेची पहारेदारी' असे रूप दिले.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मात्र रिचमंड प्रेन यांचा १९७२ सालचा प्रयोग, जो 'सायन्स' नियतकालिकात आला आणि ज्याचा उल्लेख लोकांसाठीच्या लेखनात क्वचितच होतो. त्यांनी अर्बुदाच्या, म्हणजे गाठीच्या, पेशी घेतल्या आणि त्यांत, त्याच अर्बुदाविरुद्ध आधीच सावध झालेल्या उंदरांच्या प्लीहेतील पेशी वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळल्या. हे मिश्रण, ज्यांची स्वतःची प्रतिकारक्षमता काढून घेतली होती अशा उंदरांना टोचले. प्लीहापेशींचे प्रमाण भरपूर होते तिथे गाठ दबली, आणि यात नवल नव्हते. पण जिथे प्रमाण अगदी थोडे होते तिथे गाठ तुलनेसाठी ठेवलेल्या उंदरांपेक्षाही जोमाने वाढली. दुबळा हल्ला हा हल्ला न होण्यापेक्षा घातक ठरला. प्रेन यांचे त्या काळी फारसे कोणी ऐकले नाही, कारण पहारेदारीची कल्पना जास्त मोहक होती.

यामागचे कारण १९८६ मध्ये हॅरल्ड ड्वोराक यांनी फार नेमके मांडले: गाठ म्हणजे भरून न येणारी जखम. आपले बोट कापते तेव्हा त्या जागी पांढऱ्या पेशी येतात, जंतू मारतात, मेलेले मांस उचलतात आणि मग नव्या रक्तवाहिन्या व नवे तंतू घालून जखम सांधतात. पहिले काम मारण्याचे आणि दुसरे पोसण्याचे, आणि दोन्ही त्याच यंत्रणेचे. कर्कपेशी या यंत्रणेला दुसऱ्या कामातच अडकवून ठेवते. अ‍ॅलर्जीतल्या मास्ट पेशीचे उदाहरण घ्या. तिच्या दाण्यांत हिस्टामिन असते, पेशींभोवतीची जाळी सैल करणारी विकरे असतात, आणि ती रक्तवाहिन्या वाढवणारी द्रव्येही सोडते. गाठीला पसरायला जागा हवी आणि वाढायला रक्त हवे. मास्ट पेशी दोन्ही पुरवू शकते. एर्लिख यांनी १८७८ मध्ये या पेशीचे नाव ठेवले ते जर्मन भाषेतल्या 'खाऊ घालून पुष्ट करणे' या अर्थाच्या शब्दावरून, कारण ती आजूबाजूच्या ऊतींच्या पोषणाशी संबंधित असावी असे त्यांना वाटले होते. त्या वेळी त्यांच्या मनात कर्करोग नव्हता, तरी ते नाव वाचताना मी दर वेळी थबकते.

अजून एक प्रयोग सांगून थांबते. २००१ मध्ये रॉबर्ट श्रायबर यांच्या गटाने प्रतिकारयंत्रणा नसलेल्या उंदरांत आणि धडधाकट उंदरांत एकाच रसायनाने गाठी निर्माण केल्या. पहिल्या प्रकारच्या उंदरांत गाठी जास्त झाल्या. पण त्या उंदरांतल्या गाठी काढून धडधाकट उंदरांत लावल्या तेव्हा त्यांतल्या बऱ्याचशा नाकारल्या गेल्या, आणि धडधाकट उंदरांतून आलेल्या गाठी मात्र बिनतक्रार रुजल्या. याचा अर्थ प्रतिकारयंत्रणा गाठीतील दुबळ्या पेशी वेचून मारते आणि त्या निवडीतून उरतात त्या तिला चकवण्यात तरबेज झालेल्या. आपल्याकडे निदान होते ते या उरलेल्यांचे.

या विषयातले अनुभव, शंका आणि दुरुस्त्या अवश्य लिहाव्यात. मी डॉक्टर नाही, तंत्रज्ञ आहे; उपचारांचे निर्णय आपापल्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलूनच घ्यावेत.

---

रानजाई

सूक्ष्मदर्शीताई, लेख दोनदा वाचला. माझ्या धाकट्या भावाला मागच्या वर्षी मेंदूत ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे ग्लिओमा या मेंदूच्या गाठींतला एक प्रकार, निघाला. लहानपणापासून त्याला धुळीची इतकी अ‍ॅलर्जी, की दिवाळीच्या साफसफाईला आई त्याला मामाकडे पाठवायची. निदानानंतर मी रात्र-रात्र वाचत बसले आणि सगळीकडे हेच आढळले, की अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ग्लिओमा कमी होतो. ते वाचून धीर येण्याऐवजी मला फार अन्याय झाल्यासारखे वाटले. हे निष्कर्ष खरे आहेत का, आणि खरे असतील तर त्याच्या बाबतीत काय बिघडले?

---

सूक्ष्मदर्शी

रानजाईताई, आपल्या भावाविषयी वाचून वाईट वाटले. आपल्या प्रश्नाचे दोन भाग करते.

अ‍ॅलर्जी आणि ग्लिओमा यांचे व्यस्त नाते हे या क्षेत्रातील सर्वांत वेळा पुन्हा आढळलेले निरीक्षण आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात श्वसनमार्गाच्या अ‍ॅलर्जी असणाऱ्यांमध्ये ग्लिओमाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला. मात्र अशा बहुतेक अभ्यासांत निदान झालेल्या रुग्णाला "तुम्हाला पूर्वी अ‍ॅलर्जी होती का" असे विचारले जाते, आणि मेंदूचा आजार झालेल्या माणसाची आठवण, किंवा त्याच्या वतीने उत्तर देणाऱ्या नातेवाइकाची आठवण, पक्की असतेच असे नाही. शिवाय ग्लिओमा स्वतःच प्रतिकारयंत्रणा दाबतो, त्यामुळे गाठीने अ‍ॅलर्जी शमवली आणि आपण म्हणालो की अ‍ॅलर्जीने गाठ रोखली, असाही घोटाळा होऊ शकतो. तो टाळण्यासाठी ज्युडिथ श्वार्ट्झबॉम आणि सहकाऱ्यांनी नॉर्वेतील रक्तपेढीत निदानाच्या अनेक वर्षे आधी साठवलेले रक्तनमुने तपासले. २०१२च्या त्या अभ्यासात अ‍ॅलर्जीशी निगडित आयजीई प्रतिपिंडे आणि कमी धोका यांचे नाते टिकून राहिले, विशेषतः स्त्रियांमध्ये. अ‍ॅलर्जीच्या जनुकांवरून पडताळा घेणाऱ्या नंतरच्या अभ्यासांत मात्र ते नाते बरेच फिके पडले. म्हणून 'काहीतरी आहे, पण किती आणि कशामुळे हे सुटलेले नाही' असेच मी म्हणेन.

आता दुसरा भाग. पाश्चात्त्य देशांत ग्लिओमा वर्षाला लाखात सुमारे सहा जणांना होतो. तीस टक्के घट म्हणजे सहाऐवजी चार. अ‍ॅलर्जी असलेल्या लाखभर लोकांतही दरवर्षी चौघांना हा आजार होतच असतो, आणि त्यांचे काहीही बिघडलेले नसते, त्यांनी काही चुकवलेले नसते. आपल्या भावाच्या बाबतीत आईने, आपण किंवा त्याने वेगळे काही करायला हवे होते असे यातून मुळीच निघत नाही. हे मी आपल्या समाधानासाठी लिहिलेले नाही, आकड्यांचा अर्थच तो आहे.

---

मोडीवाचक

उत्तम धागा. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, म्हणून आयजीईविषयी थोडी भर घालतो.

या प्रतिपिंडाचा इतिहासच कर्करोगाशी जोडलेला आहे. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने १९६६ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे परागकणांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांच्या रक्तातून ते ओळखले. रक्तात ते इतके अत्यल्प असते की हाती लागणेच कठीण. त्याच सुमारास स्वीडनमध्ये हान्स बेनिख आणि गुन्नार योहानसन यांना मायलोमा, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग, झालेल्या एका रुग्णाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन भरभरून सापडले. त्या रुग्णाच्या कर्कपेशी नेमके हेच प्रतिपिंड तयार करत होत्या. दोन्ही गटांनी नमुने जुळवून पाहिले आणि १९६८ मध्ये त्याचे आयजीई हे नाव पक्के झाले. आज अ‍ॅलर्जीची जी रक्ततपासणी आपण सहज करून घेतो, तिची पायाभरणी एका कर्करुग्णाच्या रक्तावर झाली, ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात आवर्जून सांगतो.

आयजीई कृमींविरुद्धच्या लढाईसाठी घडले असावे असे मानले जाते. जंत हा पांढऱ्या पेशीला गिळता येण्याजोगा नसतो, म्हणून त्याला चहूबाजूंनी घेरून त्याच्या अंगावर विषारी दाणे ओतावे लागतात. गाठीचेही तसेच आहे. हा धागा पकडून लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील सोफिया कारायानिस, जेम्स स्पायसर आणि सहकाऱ्यांनी बीजांडकोशाच्या कर्करोगावरील एका लक्ष्याविरुद्ध चक्क आयजीई प्रकारचे औषधी प्रतिपिंड बनवले. माणसांवरील त्याच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सर्वांना भीती होती ती अ‍ॅनाफिलॅक्सिसची, म्हणजे अचानक रक्तदाब कोसळून श्वास अडण्याची. ती एका रुग्णात झाली. बाकीच्यांमध्ये मुख्य त्रास होता तो अंगावर पित्त उठण्याचा, आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाच्या एका रुग्णात गाठ आकसल्याची चिन्हे दिसली. पहिली चाचणी सुरक्षिततेची असते, त्यामुळे यावरून उपचार सिद्ध झाला असे कोणी समजू नये. अ‍ॅलर्जी आणि कर्करोग यांच्या या सीमेवरच्या अभ्यासशाखेला 'अ‍ॅलर्गो-ऑन्कॉलॉजी' म्हणतात.

याच्या जोडीला एक निरीक्षण: ज्यांच्या रक्तात आयजीई जवळजवळ नसतेच अशा लोकांत कर्करोगाचे प्रमाण जास्त आढळल्याचे न्यूयॉर्कमधील अभ्यासकांनी नोंदवले आहे. कारण कोणते आणि परिणाम कोणता हे तिथेही ठरलेले नाही.

---

निवृत्त_मास्तर

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, पण प्रतिकारयंत्रणेला मुद्दाम डिवचून गाठ मारण्याचा उपचार मी स्वतः घेतला आहे, म्हणून लिहितो.

वयाच्या ६४व्या वर्षी लघवीतून रक्त गेले. मूत्राशयाच्या अस्तरात कर्करोग निघाला. दुर्बिणीने गाठ खरवडून काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता बीसीजी देऊ." मला वाटले मी चुकीचे ऐकले. चाळीस वर्षांच्या नोकरीत मुलांच्या दंडावरची बीसीजीची वण मी रोज पाहत आलो. क्षयाची लस आणि ती मूत्राशयात?

आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे. नळीवाटे ते गढूळसर पाणी आत सोडत आणि दोन तास लघवी रोखून धरायला सांगत. मी पंधरा-पंधरा मिनिटांनी कूस बदलत असे, पाठीवर, डाव्या कुशीवर, पालथा, उजव्या कुशीवर, म्हणजे औषध आतून सगळीकडे लागावे. जिवंत जंतू असल्यामुळे घरी गेल्यावर पहिले सहा तास प्रत्येक वेळी संडासात ब्लीच ओतून पंधरा मिनिटांनी पाणी सोडायचे. सौभाग्यवतींनी त्यासाठी वेगळी बादली ठेवली होती. पहिल्या दोन खेपांना फारसे काही झाले नाही. तिसऱ्या खेपेनंतर रात्री थंडी वाजून ताप आला, आणि लघवीला जाताना तिखट लावल्यासारखी आग. घाबरून फोन केला तर डॉक्टर म्हणाले, "ताप थोडा आणि एक दिवसाचा असेल तर काळजी नको, शरीर जागे झाल्याची खूण आहे, पण चढला किंवा टिकला तर लगेच या."

आज सहा वर्षे झाली. दुर्बीण दरवर्षी होते.

---

मोडीवाचक

मास्तर, आपण इतके तपशीलवार लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. ही पद्धत कॅनडातील अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये मांडली. सहा आठवड्यांचे वेळापत्रकही तेव्हापासूनचे. अमेरिकेत तिला १९९० मध्ये मान्यता मिळाली, आणि आजही या प्रकारच्या मूत्राशयाच्या कर्करोगात ती पहिल्या पसंतीच्या उपचारांपैकी आहे. आपल्या पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट मूत्राशयात देण्याची बीसीजी तयार करते.

सूक्ष्मदर्शी यांच्या मुद्द्याशी याचा संबंध पाहा. याच मूत्राशयात शिस्टोसोमा नावाचा कृमी वर्षानुवर्षे दाह पेटता ठेवतो तेव्हा इजिप्तसारख्या देशांत मूत्राशयाचाच कर्करोग होतो. अवयव एक, दाह दोन्हीकडे. एक मंद आणि वर्षानुवर्षे धुमसणारा, दुसरा तीव्र, ठरावीक मुदतीचा आणि गाठ खरवडून काढल्यानंतर दिलेला. प्रेन यांच्या उंदरांत दिसले तेच प्रमाणाचे गणित इथे माणसांत दिसते, असे मला वाटते.

---

तळकोकण

मी दंतवैद्य आहे. मंद दाहाचे आपल्या घरातले उदाहरण सुपारीचे आहे, म्हणून लिहितो.

विशीतली मुले येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, तिखट लागत नाही तोंडाला, आग होते." तोंड उघडायला सांगितले की स्वतःची तीन बोटे उभी आत जात नाहीत, कधी दोन, कधी एकच. गालाला आतून बोट लावले तर मऊ अस्तराऐवजी ताणलेल्या दोऱ्या हाताला लागतात आणि रंग संगमरवरासारखा फिकट. हा सबम्यूकस फायब्रोसिस. सुपारीतील अ‍ॅरेकोलीन आणि तिच्या खरबरीत कणांचा रोजचा घाव, त्यावर पांढऱ्या पेशींची रोजची धाव, आणि त्या पेशींनी दिलेल्या संदेशांवरून अखंड विणले जाणारे तंतू. जखम भरण्याचे काम कधी थांबतच नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन गटाने केरळात एर्नाकुलमला असे ६६ रुग्ण १७ वर्षे पाहिले, त्यांपैकी पाच जणांना, म्हणजे ७.६ टक्क्यांना, तोंडाचा कर्करोग झाला. तो अभ्यास १९८५चा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. माझ्या खुर्चीत बसणाऱ्या मुलांच्या खिशातली पुडी मात्र बंद झालेली नाही, आणि याचे मला अतिशय दुःख होते.

माझी सूचना इतकीच, की 'अ‍ॅलर्जी' आणि 'दाह' हे शब्द या धाग्यात वेगळे ठेवावेत. सुपारीचा आजार ही अ‍ॅलर्जी नव्हे.

---

सूक्ष्मदर्शी

डॉक्टर, सूचना रास्त आहे. सगळी अ‍ॅलर्जी हा दाहच असतो, पण सगळा दाह अ‍ॅलर्जी नसतो. शीर्षकात मी दोन्ही शब्द ठेवले तेव्हाच हे स्पष्ट करायला हवे होते.

---

चंद्रकोर

माझ्या यजमानांना फुप्फुसाचा कर्करोग आहे आणि दर तीन आठवड्यांनी इम्युनोथेरपीचे सलाइन लागते. तिसऱ्या डोसनंतर त्यांच्या पाठीवर आणि पोटऱ्यांवर खाज सुटते, रात्री झोप लागत नाही. घरात सेट्रिझिन होती ती मी दिली. मग नणंदबाईंनी सांगितले की ती अ‍ॅलर्जी दाबणारी गोळी आहे, प्रतिकारशक्ती वाढवण्याचे औषध चालू असताना ती दिली तर औषधाचा परिणाम जाईल. तेव्हापासून ती बंद केली, आणि हे रात्रभर खाजवत बसतात. मी काय करावे?

---

सूक्ष्मदर्शी

चंद्रकोरताई, आधी तातडीचे. इम्युनोथेरपी चालू असताना येणारी खाज किंवा पुरळ औषधाचाच परिणाम असू शकतो, आणि ते कर्करोगतज्ज्ञांना पुढच्या डोसच्या आधी कळलेच पाहिजे. उद्याच फोन करावा. पुरळावर फोड येणे, तोंड सोलणे, ताप, दम लागणे, जुलाब यांपैकी काही असेल तर उद्याची वाटही पाहू नये.

आता गोळीविषयी. ही औषधे प्रतिकारशक्ती 'वाढवतात' असे आपण म्हणतो, पण त्यांचे काम ब्रेक काढण्याचे आहे. टी पेशींवर, म्हणजे गाठीवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींवर, असलेले हे ब्रेक शोधल्याबद्दल आणि ते सोडवून कर्करोगावर उपचार होतो हे दाखवल्याबद्दल जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चे नोबेल मिळाले. सेट्रिझिन अडवते ते हिस्टामिनला, आणि हिस्टामिन हा त्या टी पेशींचा मदतनीस नाही. उलट, २०२२ मध्ये अमेरिकेतील एमडी अँडरसन कर्करोग केंद्राच्या दिहुआ यू यांच्या गटाने असे दाखवले की हिस्टामिन गाठीतील मॅक्रोफेज या भक्षक पांढऱ्या पेशींवरच्या ग्राहकाला चिकटते आणि त्या पेशी टी पेशींना थोपवू लागतात. त्यांनी रुग्णांच्या जुन्या नोंदीही तपासल्या, आणि इम्युनोथेरपीच्या काळात इतर कारणांसाठी अ‍ॅलर्जीच्या गोळ्या घेणारे काही कर्करोगांचे रुग्ण जास्त जगल्याचे त्यांना दिसले. नोंदींवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, म्हणून कोणी स्वतःहून गोळी सुरू करू नये; पण गोळीने उपचार वाया जातो या भीतीला मला त्यात आधार सापडत नाही. त्वचेच्या अशा खाजेसाठी कर्करोगतज्ज्ञ स्वतःच या गटातील गोळ्या देतात. परिणामाची खरी चिंता असते ती स्टिरॉइडच्या मोठ्या डोसांबाबत, आणि तीही गरज असेल तेव्हा डॉक्टर बाजूला ठेवतात, कारण अनावर प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते.

फुप्फुसाच्या बाबतीत आणखी एक काम फार लक्षवेधी आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय येथील मिरियम मेराद यांच्या गटाने २०२३च्या अखेरीस दाखवले की अ‍ॅलर्जीचा मुख्य संदेशवाहक इंटरल्यूकिन-४ हा अस्थिमज्जेतच पांढऱ्या पेशींना गाठीच्या सोयीचे वळण लावतो. इसब आणि दमा यांसाठी वापरले जाणारे डुपिल्युमॅब हे औषध हा संदेश अडवते. इम्युनोथेरपीला दाद न देणाऱ्या सहा रुग्णांना ते जोडून दिले, आणि एकाची गाठ जवळजवळ नाहीशी झाली. सहापैकी एक हा आकडा फार लहान आहे. पण ग्लिओमात ज्या अ‍ॅलर्जीची छाया संरक्षक वाटते, तीच फुप्फुसात गाठीला हात देते, हे यातून समोर येते, आणि म्हणून 'अ‍ॅलर्जी कर्करोगाला चांगली की वाईट' हा प्रश्न अवयवाचे नाव घेतल्याशिवाय विचारता येत नाही, असे माझे मत झाले आहे.

---

वाटसरू_सातारा

वाचतो आहे, शिकतो आहे. एकच विचारतो: मग रोगप्रतिकारशक्ती वाढवणारे काढे, चूर्णे, गोळ्या यांचे काय? आमच्याकडे कर्करोगाचे निदान झाले की पहिल्या आठवड्यात पाहुणे दहा प्रकारच्या बाटल्या आणून देतात.

---

सूक्ष्मदर्शी

पाहुण्यांची माया खरी असते, म्हणून त्यांना दुखवू नये. पण बाटल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नयेत. 'वाढवणे' हा शब्दच मला इथे लागू वाटत नाही. गाठीभोवती नियामक टी पेशीही असतात, ज्या इतर पेशींना आवरतात. या पेशींच्या शोधासाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रँकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५चे नोबेल मिळाले. 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' बाटली यांतल्या कोणत्या पेशी वाढवते, मारणाऱ्या की आवरणाऱ्या, हे तिच्या वेष्टनावर लिहिलेले नसते. शिवाय यकृतावर ताण देणारे काही त्यात असेल तर इम्युनोथेरपीने यकृत सुजले की काढ्याने, हे डॉक्टरांना ओळखता येत नाही आणि डोस थांबवावा लागतो.

दुसऱ्या बाजूने, यंत्रणा दाबली तर काय होते हेही पाहावे. मूत्रपिंड बदललेल्या आणि जन्मभर प्रतिकार दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत, विशेषतः गोऱ्या वर्णाच्या लोकांत, त्वचेचे कर्करोग आणि विषाणूंमुळे होणारे कर्करोग अनेक पटींनी वाढतात. पण स्तनाचा कर्करोग तसा वाढत नाही. म्हणजे पहारासुद्धा सगळ्या दारांवर सारखा नाही.

---

तळकोकण

प्रमाणाचाच विषय निघाला आहे तर मुंबईच्या टाटा मेमोरियलचे एक काम सांगायलाच हवे. डोके आणि मान यांच्या वाढलेल्या कर्करोगात निव्होल्युमॅब या ब्रेक काढणाऱ्या औषधाचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो, आणि तो आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा आहे. विजय पाटील, कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, तोंडाने घ्यायच्या साध्या औषधांच्या जोडीने देऊन पाहिले. १५१ रुग्णांच्या त्या चाचणीत वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण, फक्त तोंडी औषधे घेणाऱ्यांतल्या १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. माझ्याकडून पाठवलेल्या रुग्णांचे नातेवाईक आता हा लहान डोस नाव घेऊन विचारतात.

---

चंद्रकोर

ताई, आपण सांगितल्याप्रमाणे सकाळी फोन केला. डॉक्टरांनी दुपारीच बोलावून पाठ पाहिली, रक्त तपासले. यकृत आणि थायरॉइड ठीक आहे. पुरळ औषधामुळेच आहे, पण सौम्य आहे म्हणाले. लावायला मलम दिले आणि रात्री एक सेट्रिझिन स्वतःच लिहून दिली. रक्तात इओसिनोफिल थोडे वाढलेले आहेत. ते चांगले की वाईट असे मी विचारले, तेव्हा म्हणाले की मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांत अशी वाढ झालेल्यांना औषध जास्त लागू पडल्याचे आढळले आहे, पण फुप्फुसात एका आकड्यावरून काही बोलणार नाही, स्कॅन पाहू. नणंदबाईंना चिठ्ठी दाखवली. काल रात्री हे साडेपाचपर्यंत सलग झोपले. चौथा डोस सोमवारी आहे, स्कॅन त्यानंतर.